मापात बसलेला झगा

शिंप्याच्या बायकोच्या अंगावर ढगळ कपडा दिसला की गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच माघारी फिरतं, असं शिंपीमास्तरला त्याच्या बापानं सांगितलं होतं, आणि मास्तरनं ते गाठीशी बांधून ठेवलं होतं. दुकानाला पाटी होती, पण उन्हानं ती केव्हाच विटली होती. खरी पाटी म्हणजे त्याची बायको. ती भाजीला निघाली की बाजारातल्या बाया भाजी सोडून तिच्या खांद्याची शिवण बघत, कमरेच्या चुण्या बघत, आणि चार दिवसांत कापड काखोटीला मारून दुकानात हजर होत.

"मला फिरती जाहिरात करून ठेवलीय तुम्ही," ती कुरकुरायची, पण निघताना आरशापुढे अंमळ जास्तच रेंगाळायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला कापायचं टेबल, मधे पडदा, पडद्यामागे पलंग आणि चूल. तो मशीनवर टिपा मारायचा, ती खाली बसून काजं-बटणं करायची आणि आपणच जुळवलेलं गुणगुणायची:

सुई चालली पुढं गं, दोरा चालला मागून,
एक टाका चुकला तर, दोघं येतील माघारून.

"दोऱ्याला म्हणावं, जरा दमानं घे," मास्तर मशीनवरून म्हणायचा.

"त्याचं काय चुकतंय? सुईच्याच नेढ्यात वारं शिरलंय," ती म्हणायची. मग दोघं हसायची. पोरबाळ नव्हतं. दिवस असा धागा ओवावा तसा सरळ निघून जायचा.

अशात तिचं पोट दुखायला लागलं. जेवण झालं की वरच्या अंगाला कळ यायची, जीव गोळा व्हायचा, आणि ताटातलं ताटातच राहायचं. मोठ्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरनं बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आत दुर्बीण घालून बघायला हवं. काही असलंच, तर लवकर सापडलेलं बरं. लहान असलं की कापून मोकळं होता येतं." त्यानं तारीख दिली. पण ती तारीख यायच्या आधी साथ आली.

ठरल्या दिवशी दोघं गेली, तर फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं. कुणी खाली बसलेलं, कुणी कुणाच्या पाठीवर, आणि सगळ्यांच्या छात्या भात्यासारख्या हलत होत्या. फाटकावरच्या रखवालदाराचे कान तोंडावरच्या फडक्याच्या नाड्यांनी लालभडक झाले होते.

"श्वास लागतो का काकू?"

"नाही रे बाबा, माझं पोट..."

"मग घरी जा. आत पोटाला जागा नाही. छातीवाले फरशीवर झोपलेत." तो रागानं बोलला नाही. बोलून बोलून त्याच्या आवाजातला रागही संपला होता.

तिचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. साथ आल्यापासून तो फक्त ऑक्सिजनची सिलिंडरं वाहत होता, त्यामुळे फाटकातून आत जाणारं घरातलं माणूस तेवढं एक. दुपारी रिकामा टेम्पो घेऊन जाताना तो दारापुढे थांबायचा. आत यायचा नाही, पायरीखालीच उभा राहायचा.

"ताई, व्हरांड्यात खाटा, जिन्याखाली खाटा. पोटाच्या वॉर्डाची नुसती पाटी उरलीय दारावर. तुझा तो डॉक्टरही आता छातीवाल्यांतच पळतोय."

"मग माझं कधी?"

"ओसरू दे जरा." मग बहिणीचा चेहरा उतरलेला पाहून तो मास्तरकडे वळायचा. "काय भाऊजी, सगळी दुनिया आडवी झाली, पण तुमच्या कपड्याची इस्त्री काही मोडत नाही."

"इस्त्री मोडली की शिंपी मोडला," मास्तर म्हणायचा.

खरं तर गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. कोण नवे कपडे शिवतंय, आणि कुठं मिरवायला? मास्तर उरल्यासुरल्या तुकड्यांची तोंडाला बांधायची फडकी शिवायचा. हाताला चाळा आणि डोळ्याला काम नसलं की शिंप्याची नजर घरातच फिरते. तशी ती एका दुपारी बायकोच्या अंगावरच्या निळ्या झग्यावर गेली. झगा पायघोळ, लांब बाह्यांचा, त्यानंच शिवलेला. खांदा उतरला होता. बगलेखाली कापडाला झोळ आला होता. त्याच्या मनात आलं, कापड ताणलं असावं, धुऊन धुऊन सैल पडलं असावं. दुसऱ्या दिवशी ती दुसरा झगा घालून पडली होती. त्यानं निळा उलटा केला, बाजू बोटभर आत घेतली आणि टीप मारून खुंटीला लावून दिला.

"अहो, हात लावलात वाटतं?" उठल्यावर अंगात चढवून ती म्हणाली.

"जरासा आत घेतला."

"तुमचं बाई काहीतरीच. कुठं जायचंय मला?" पण ती आरशापुढे वळली, कमरेवर हात ठेवून पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. त्यालाही बरं वाटलं. झगा अंगावर असा बसला होता, जणू काही बिघडलंच नव्हतं.

मग ती सवयच झाली. हिरवा झाला, तपकिरी झाला, पुन्हा निळा आला. ती दुपारी डोळा लावायची आणि मास्तर मशीनचं चाक हातानं हळू फिरवून, आवाज न करता टीप घालायचा. पोटदुखीवर त्याच्यापाशी इलाज नव्हता. फाटकावरच्या रखवालदारापुढे त्याचं काही चालत नव्हतं. हे एवढंच त्याच्या हातात होतं, आणि त्याचा हात चोख होता.

एका सकाळी फोन आला. दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई बोलत होत्या. ज्यांच्या तपासण्या लांबल्या, त्यांना त्या फोन करून विचारत होत्या. कोण थांबू शकतं आणि कोणाला थांबवून चालणार नाही, हे ठरवायचं होतं. साथीतूनही काही खाटा मोठ्या मिनतवारीनं बाजूला काढल्या होत्या. मास्तरनं फोनचा आवाज मोठा केला आणि दोघं टेबलावर वाकली.

"उलटीतून रक्त?"

"नाही."

"शौचाला काळं होतं का?"

"नाही बाई."

"जेवण?"

"थोडं कमीच जातं. पण घरात बसून बसून कुणाला भूक लागतीय हल्ली?"

"वजन घटलंय का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात काटा नव्हता.

"बरं, असं सांगा," डॉक्टरीणबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या मागे कुणीतरी सारखं खोकत होतं. "पूर्वीचे कपडे सैल होतायत का?"

बायकोनं आपल्या निळ्या झग्याकडे पाहिलं. बाही दंडाला धरून होती, कंबर कमरेला.

"नाही हो," ती म्हणाली. "अगदी मापात बसतात."

आणि मास्तर, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, पण धंद्याचा ताठा मोठा वाईट, तो मागून म्हणाला, "शिंप्याच्या घरात कुणाचा कपडा सैल नसतो डॉक्टरीणबाई."

पलीकडे त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या. "छान. मग तुम्हाला थोडं थांबता येईल. ज्यांचं घाईचं आहे त्यांना आधी घेते. काही बदललं तर कळवा."

फोन ठेवल्यावर तिनं सुस्कारा सोडला. "बघा, उगाच घोर लावून घेतला होता."

त्या दिवशी दोघं पोटभर बोलली. जेवण मात्र तिला गेलं नाही.

पुढं ती थांबत राहिली. साथ ओसरते म्हणेपर्यंत पुन्हा उसळली. भाऊ पायरीखाली उभा राहायचा, पण आता त्याच्या थट्टा आटल्या होत्या. बोलता बोलता तो उभ्यानंच पेंगायचा. तिचं गुणगुणणं कमी झालं, मग थांबलं. काजं करताना हात थरथरतो म्हणून तिनं सुई बाजूला ठेवली. मास्तर म्हणायचा, "घरात कोंडून अशक्तपणा आलाय," आणि ती म्हणायची, "तेच असणार. कपडे तर बसतायत."

मग पुन्हा निळ्या झग्याची पाळी आली. खांदा उतरला होता. मास्तरनं झगा उलटा केला, टेबलावर पसरला, बाजूच्या शिवणीवर बोट फिरवलं आणि ते बोट तिथंच थांबलं. आत टिपेशेजारी टीप, तिच्याशेजारी आणखी टीप. नदीचं पाणी उतरत गेलं की काठावर रेघा राहतात, तशा त्या रेघा एकामागून एक आत सरकत गेल्या होत्या. बाजूला दुमडलेल्या कापडाची जाड घडी झाली होती. आता आणखी आत घ्यायचा तर बाही उतरवावी लागणार होती. सगळ्यात बाहेरची, पहिली टीप त्यानं शोधली. ती पार लांब होती. तिथून इथवर त्यानं बोटं ठेवून मोजलं, चांगलं चार बोटं अंतर होतं.

कापड ताणलं नव्हतं. बाई आटत गेली होती, आणि तो तिच्या मागे मागे कापड आवळत गेला होता.

ती पडद्यामागून उठून आली तेव्हा तो जमिनीवर बसून एकेक टीप उसवत होता. सुट्या दोऱ्यांचे तुकडे त्याच्या मांडीवर पडले होते.

"काय झालं?"

"डॉक्टरीणबाईंनी कपड्यांचं विचारलं होतं." त्यानं झग्याची उलटी बाजू तिच्यापुढे धरली.

शिंप्याचीच बायको ती. तिला रेघा वाचायला वेळ लागला नाही. ती हळूच त्याच्या शेजारी बसली.

"मीही नाहीच म्हणाले ना," ती म्हणाली. "मला तरी कुठं सुचलं? अंगाला कपडा बसतोय म्हणजे आपण बऱ्या आहोत, असंच वाटायचं मला."

पहिली सोडून बाकी सगळ्या टिपा उसवून झाल्यावर तिनं झगा अंगात घातला. खांदे दंडावर घसरले, गळा एकीकडे कलला. खुंटीला लावला तरी झगा याहून भरलेला दिसायचा. मास्तरनं आपल्या बायकोकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी भावानं सिलिंडरं चढवायच्या आधी तिला टेम्पोत पुढे बसवलं. ओळखीमुळे फाटक उघडलं. आवारात ताडपत्रीखाली टेबल टाकून डॉक्टर कुणाला आत घ्यायचं ते निवडत होते. तिथला एक आवाज ऐकून मास्तरनं मान वर केली. फोनवरच्याच त्या. त्यांनी झग्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तिला बाकड्यावर निजवलं. पोटावर हात ठेवला, मग गळ्याच्या हाडावर, मग पुन्हा पोटावर. हात बराच वेळ तिथं राहिला.

मास्तरनं सगळं सांगितलं. टिपांचं, दुपारींचं, मशीनचं चाक हातानं फिरवल्याचं. जणू शिक्षा मागत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "फोनवर मला माणूस दिसत नाही हो. मी कपड्यांवरून माणूस ओळखायला बघत होते." त्या तिच्याकडे वळल्या आणि खोटं बोलल्या नाहीत. गाठ यकृतापर्यंत गेली आहे, आता दुर्बीण आणि सुरी दोन्ही नुसत्या त्रासाला. दुखणं कमी करायच्या गोळ्या देते. खाट आजही नाही, आणि असती तरी घरच बरं.

"तेव्हा आले असते तर?" तिनंच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं, तिची मूठ मिटली आणि मिटलेली मूठ थोडा वेळ धरून ठेवली. मग पलीकडून कुणी हाक मारली आणि त्या पळत गेल्या.

भाऊ मागच्या दारी टेम्पोतून सिलिंडरं उतरवत होता. त्याच्यापर्यंत चालत जायचं होतं. झगा घोळदार होऊन तिच्या पायांत येत होता. मास्तरनं मागून कापडाचा झोळ गोळा केला आणि मुठीत धरला. कमरेपाशी, जिथं टिपा होत्या तिथंच. गर्दीतून ती पुढे, तो मागे, अशी दोघं निघाली. खोकणारी माणसं बाजूला सरून वाट देत होती.

"सोडा आता," टेम्पोपाशी आल्यावर ती म्हणाली. "आलो आपण."

"हो," तो म्हणाला. पण त्याची मूठ काही उघडली नाही.