सांगण्याजोगं पाप

हेमलताच्या आयुष्यात सांगण्याजोगं एकही पाप नव्हतं, आणि याचं तिला फार दुःख होतं.

साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात दर रविवारी प्रार्थनेनंतर साक्षी होत. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि मंडळीने हालेलुया म्हणायचं. हेमलताचे वडील इथले आधीचे पाळक होते. ती कधी खोटं बोलली नाही, कुणाची काडी उचलली नाही. उभं राहून सांगणार काय? "परभूनी आठोडाभर सांभाळं." मंडळी हालेलुया म्हणे, पण जांभई देत.

आणि ती बेबाबाई! परवापरवापर्यंत मोहाची दारू गाळायची. आता पांढरं पातळ नेसून उभी राहते, आपली भट्टी कशी फोडली ते सांगते, आणि पुरुषसुद्धा डोळे पुसतात. दर रविवारी तीच भट्टी फुटते! हेमलताच्या अंगाची लाही लाही होई. जन्मभर सरळ चालणाऱ्यांचं कौतुक करायची काही सोयच नाही का? बायबलातला उधळा पुत्र परतल्यावर बापाने मेजवानी दिली, तेव्हा कुरकुरलेला त्याचा थोरला भाऊ तरी काय चुकीचं बोलला होता, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

त्यात पाळक रुपचंदभाऊंनी जाहीर केलं, की धुळ्याच्या संमेलनात आपल्यातलं कुणी एकजण साक्ष देईल, पुढच्या रविवारी ठरवू. सगळ्यांच्या माना बेबाबाईकडे वळल्या. हेमलताने तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायला ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली. मागे सुनंदाबाईंची तुरेवाली कोंबडी नाहीशी झाली होती, तेव्हा गावाने मुंगसाला दोष दिला होता. मुंगूस काही साक्ष द्यायला येणार नव्हतं.

"ती कोंबडी मी चोरेल व्हती," असं म्हणून हेमलताने पदर डोळ्यांना लावला. मग असा काही हालेलुया झाला, की तिला खरंच रडू आलं.

तेवढ्यात बेबाबाई उठली.

"नही! ती कोंबडी मी चोरेल व्हती. दारू पिनारास्ना चकणासाठे. भट्टीनं सांगं, पन हाई सांगानी हिंमत नही व्हयनी. अक्कानी मनं पाप आपला डोकावर लिधं!" आणि तिने हेमलताचे पाय धरले.

मंडळी गहिवरली. प्रभूने आपल्यासाठी हेच केलं, असं रुपचंदभाऊ म्हणाले. आता धुळ्याला कोण जाणार, हे विचारायचीही गरज नव्हती. हेमलताने फक्त गप्प बसायचं होतं. पण पायांवर बेबाबाईची गरम आसवं पडत होती, ती तिला सोसवेनात.

"ऊठ वं," ती म्हणाली. "मी कोनं पाप लिधं नही. खोटं बोलनी. तुनावर जळस मी. दर ऐतवारे जळस. आते बी."

बेबाबाईने मान वर केली.

"मी बी तुनावर जळस, अक्का," ती हळूच म्हणाली. "तुले सांगाले काहीच नही, तुनं कितलं चांगलं शे. मनी पोर भट्टीनी लाजमा साक्रीना शाळामा आजून बी सांगस, माले माय नही."