सासऱ्यांची शेवटची सुरी

लेक रांगायला लागली आणि मला घरात जिकडेतिकडे धारच दिसू लागली. टेबलाचे कोपरे, कपाटाची दारं, आणि मागच्या खोलीतला सासऱ्यांचा सुऱ्यांचा संसार. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते जुन्या कानशी तापवून, घासून सुऱ्या करतात. विकत नाहीत. ज्याला द्यायची, त्याच्या हाताच्या मापाने मूठ घडवतात.

एकदा लेक त्या खोलीच्या उंबऱ्यावर पोलादी पट्टी चोखत बसलेली सापडली. पट्टीला धार नव्हती, तरी मी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. जेवताना मी सांगून टाकलं की खोली बंद करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे राहतो. बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, बरं, हातातली एवढी सुरी पुरी करतो, मग कुलूप.

ती माझ्यासाठी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मातीचा गोळा पुढे केला. कांदा चिरताना सुरी धरतेस तसा धर म्हणाले. ठसा बघून हसले. "ही सुरी धरलेली नाही गं, चोर पकडलाय."

मग लेकीला कडेवर घेऊन मी दारातून बघायचे. पहारा म्हणूनच उभी राहायचे, पण पाय निघायचा नाही. आठ दिवस एकच पातं. चार हात घासायचं, पुसायचं, खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचा. धातूंवरचे धडे मी कॉलेजात पाठ केले होते. हा माणूस ते बोटांनी वाचत होता.

पात्याला पाणी पाजायचा, म्हणजे तापवून एकदम निववून कडक करायचा दिवस आला. पाणी नुसतं म्हणायला, पाजतात तेल. पातं लाल झालं, लोहचुंबकाला चिकटेना इतकं तापलं, तसं त्यांनी ते तेलात बुडवलं. त्या चुरचुरीत मला बारीकसं 'टिक्' ऐकू आलं. बाबांना ते ऐकू आलेलं दिसलं नाही. यंत्रांपाशी तीस वर्षं काढलेले त्यांचे कान.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तुला फ्रीजसुद्धा खोकताना ऐकू येतो. बाबांनी माझ्या ठशाबरहुकूम लाकूड कोरायला घेतलं. मी बोलले नसते तर आठवड्यात कुलूप लागलं असतं. पण ते लाकूड माझ्याच बोटांच्या खळग्यांनी भरत चाललेलं बघवेना.

"बाबा, तेलात घातलं तेव्हा आत काहीतरी तडकलं."

त्यांनी वाद घातला नाही. भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. मग पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि हातोडीचा एकच घाव घातला. दोन तुकडे. मोडलेल्या कडेवर नखाएवढा भाग काळा होता; भेगेतून तेल आत शिरलेलं.

"हा आवाज मला कधीपासून येत नाही कोण जाणे," ते म्हणाले. हात पुसले आणि फोन घेऊन बसले. गेल्या दोन वर्षांत ज्यांना ज्यांना सुरी दिली, त्या प्रत्येकाला सांगितलं की माझी चूक झाली असेल, सुरी वापरू नका, परत आणा. आवाज जराही पडला नाही. मी आजवर माझी एकही चूक अशी दारोदार सांगितलेली नाही.

संध्याकाळी मी कुलूप आणलं. माझा हातही टाच उचलल्याशिवाय पोचणार नाही, इतक्या उंच कडी बसवून घेतली. एक किल्ली त्यांना दिली, एक माझ्याकडे ठेवली.

"पुढचं पातं तापवाल तेव्हा मला हाक मारा," मी म्हटलं. "तेलात मी ऐकते."

त्यांनी मातीचा गोळा पुन्हा मळायला घेतला. म्हणाले, आता परत धर बघू, जरा सैल.