उंच माणसाचा पाट

झानिलने पिठाच्या परातीशेजारीच नकाशा पसरला. आई वारल्याला आज चाळीस दिवस झाले होते, त्याचं जेवण दुपारी होतं आणि कुलाशकाकू, तिची थोरली चुलती, बाउरसाक, पिठाचे फुगीर गोळे, तळत बसली होती.

“काकू, पाण्याचा तो उंच माणसाचा पाट कुठं आहे? नकाशात नाही. कचेरीतही कुणाला ठाऊक नाही.”

“तुला कशाला हवा?”

“आई ज्येष्ठमध तिथूनच खणून पाठवायची.”

अल्माटीच्या प्रयोगशाळेतलं झानिलचं काम त्या मुळ्यांवरच उभं होतं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू नसांत निजून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. ताटलीतल्या पेशींवर आईच्या मुळ्यांचा अर्क घातला की तो निजूनच राही. बाजारातल्या मुळ्यांनी मात्र तो जागा झाला होता. आता आईने पाठवलेल्या पोत्याच्या तळाशी नुसती भुकटी उरली होती.

काकूला हसू आवरेना.

“कचेरीत असं विचारलंस? अगं, तुझी आई या घरची सून. पाट तिच्या सासऱ्यांनी खणला, नावही त्यांचंच. ती ते तोंडानं कसं घेणार? मामंजी होते उंच, म्हणून उंच माणूस.”

“मग खरं नाव काय?”

“मला विचारतेस? मी काय लेक आहे या घरची? मीही सूनच.”

झानिल लहानपणापासून शिकायला शहरात राहिलेली. तिच्या लेखी ते नुसते आजोबा होते.

“कागदावर सही करतेस ना,” काकू झारा निथळत म्हणाली, “आडनाव काय लिहितेस?”

“ओतेगेनोवा,” म्हणता म्हणता झानिलचं बोट नकाशावर एका निळ्या रेघेशी थांबलं. ओतेगेन पाट.

पाहुणे गेल्यावर दोघी तिथं गेल्या. काठाला जुने खड्डे होते. आईने प्रत्येकात निम्मी मुळी राखली होती, तिला पुन्हा कोंब आले होते. झानिल कितीतरी वेळ त्या पानांवरून हात फिरवत राहिली. मग तिने कुदळ उचलली.

“थांब,” काकू म्हणाली. “आधी आजोबांना हाक मारून सांग, मुळ्या नेते म्हणून. तुझी आई बिचारी नुसती खाकरायची.”

झानिल उठून उभी राहिली.

“ओतेगेन आजोबा, मुळ्या नेते हं.”

काकूने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, छातीशी हात नेला आणि सून सासऱ्यांना करते तसा कमरेतून वाकून नमस्कार केला. सरळ झाली, आणि पुन्हा एकदा वाकली.

“हा तुझ्या आईचा,” ती म्हणाली.