दोन्ही घरांचे आकडे

तीन वाजून वीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला आणि धाकटीने हुश्श केलं. जरा लवकरच केलं, पण तिचा स्वभावच तसा.

हिरवा दिवा म्हणजे व्हीपीएन जोडलं गेलं. तिच्या घरापासून आईच्या घरापर्यंत इंटरनेटच्या पोटातून एक खाजगी रस्ता तयार झाला. आता इथे लॅपटॉपवर बसून तिथला कॉम्प्युटर चालवायचा, आईने आखून ठेवलेला शर्टाचा पॅटर्न उघडायचा आणि चारच्या आत शिलाई कारखान्याला पाठवायचा. चारला तिथे कापायला टेबलावर कापड पसरतात. कारखान्याने पाठवायची पद्धत बदलली होती आणि कॉम्प्युटरवर भरायच्या त्या नव्या बारीक चौकटींत आई सारखी चुकत होती. मागच्या महिन्यात तिचं काम दोनदा उशिरा पोचलं, तेव्हा कटिंगमास्तर म्हणाले होते, "ताई, पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." काम सुटलं की दादा आईला आपल्याकडे घेऊन जाणार, हेही ठरलेलं होतं. आई एकतीस वर्षं पॅटर्न आखत होती. दादाच्या घरी तिने काय करायचं, टीव्हीपुढे बसून पाय हलवायचे? धाकटीला ते मनातही आणवत नव्हतं. म्हणून तिने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "पाठवायचं माझ्यावर सोड. मी आहे ना!"

आणि का सांगू नये? तिचा धंदाच तो. तीन ऑफिसांचं नेटवर्क ती सांभाळते.

तिने आईच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडा टाकला, पासवर्ड दिला. समोर पडदाभर फुटबॉलच्या मैदानाचं चित्र उघडलं. धाकटी बघतच राहिली. आईला फुटबॉलची आवड कधीपासून लागली?

"अगं, माझा माउस कोण पळवतंय?" बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला. "मी मीटिंगमध्ये आहे!"

तिने सगळं बंद केलं, पुन्हा जोडलं. दिवा हिरवागार. पुन्हा मैदान, पुन्हा आरडाओरडा. फोन स्पीकरवर होता, पलीकडे आई बसलेली.

"झालं का गं?"

"होतंय."

"मास्तरांचा फोन येऊन गेला."

"आई, होतंय म्हटलं ना!"

लगेच तिला वाईट वाटलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. तीन पस्तीस. मग एकदम तिने कपाळावर हात मारला.

आईकडचा इंटरनेटचा डबा तिनेच बसवला होता. बसवताना आपल्या घरातल्या डब्यावरून सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं: नाव तेच, पासवर्ड तोच, घरातल्या कॉम्प्युटरांना मिळणारे आतले आकडेही तेच; कॉम्प्युटरांचे पासवर्डसुद्धा तिने एकच ठेवले होते. शनिवारी माहेरी गेलं की लॅपटॉप उघडावा आणि काही न विचारता चालू व्हावा, एवढीच हौस. "दोन्ही घरं माझीच," असं म्हणून ती मिरवलीही होती. आता दोन गल्ल्यांमधल्या घरांना एकच क्रमांक दिल्यावर पोस्टमन जवळच्या दारात पत्र टाकून मोकळा होणार, दुसरं काय? ती आईचा आकडा विचारत होती आणि लॅपटॉप तिला नवऱ्याच्या टेबलाशी नेऊन सोडत होता. ऑफिसात एखाद्या नवख्याने हे केलं असतं, तर तिने त्याला आठवडाभर छळलं असतं. दिव्याखाली अंधार तो हाच.

उपाय होता. आपल्या घरातले आकडे बदलायचे. पण मग सगळ्या घराचं नेट पाच मिनिटं जाणार.

"मी नेट बंद करतेय!"

"आत्ता? साहेब बोलतायत!"

"साहेबांना चहा प्यायला सांग!"

तिने आकडे बदलले आणि डबा बंद करून पुन्हा चालू केला. बाहेरच्या खोलीत आधी शांतता आणि मग बरंच काही ऐकू आलं. तिने कान बंद ठेवले. तीन सत्तेचाळीसला हिरवा दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी समोर आईचा कॉम्प्युटर होता.

"आले गं आई!"

पण काय दिसतंय तेच कळेना. पडदाभर एकच जाड काळी रेघ होती. आईने चित्र इतकं मोठं करून ठेवलं होतं, की बाहीचं एक टोकही त्यात मावत नव्हतं. धाकटीने ते लहान केलं. लहानपणी ती आईच्या असल्याच आखलेल्या कागदांखाली झोपायची, पॅटर्न वाचायला तिला शिकवावं लागत नव्हतं. पुढचा भाग ठीक. पाठ ठीक. कॉलर अजून व्हायची होती, ती उद्या जायची. आणि बाह्या दोन, पण पुढची-मागची बाजू दाखवणाऱ्या खुणा दोन्हींना सारख्याच बाजूला. दोन्ही डाव्या.

चारला कापड पसरणार, आणि चारशे शर्टांना दोन-दोन डावे हात.

"पाठव ना," आई म्हणाली.

"आई, बाह्यांच्या खुणा बघितल्यास?"

मग आई अगदी हळू म्हणाली, "महिना झाला. मधोमध धुरकट दिसतं. खुणा मी अंदाजाने लावते."

आईला तिच्या घरात ठेवण्यासाठी तिने हा रस्ता खोदला होता, आणि त्याच रस्त्याने तिला हे दिसलं होतं. तीन बावन्न.

"तू सांग," ती म्हणाली. "मी लावते."

आईचा आवाज एकदम बदलला. मुंढ्याच्या, म्हणजे खांद्याकडच्या गोलाईच्या, टोकापासून इतकं खाली, तिथे एक खूण. मागच्या बाजूला दोन, त्यांच्यात बोटभर अंतर. एकही माप तिला बघावं लागलं नाही. तीन अठ्ठावन्नला पॅटर्न गेला, आणि पोचल्याचा निरोपही आला.

धाकटीने तो निरोप आईला वाचून दाखवला.

"दादाला काय सांगशील?" आईने विचारलं.

"काम वेळेत गेलं म्हणून."

"आणि डोळ्यांचं?"

खोटं बोलावं असं धाकटीला फार वाटलं. "ते तू सांगायचं," ती म्हणाली. "आजच. आणि उद्या सकाळी डॉक्टर. मी येते तुला न्यायला."

पलीकडे आई टेबलावरचे कागद आवरू लागल्याचा आवाज आला.

"सांगते," ती शेवटी म्हणाली. "पण डॉक्टरांकडून दोनच्या आत परत यायचं. कॉलर राहिलीय, आणि खुणा तुला लावायच्यात."