बंद ठेवलेला बेस

ताईने गिटारवरचं आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं, तरी हॉलमध्ये बेस वाजतच राहिला.

ती दहाव्या रांगेजवळ, रिकाम्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी होती. नवी बेस गिटार गळ्यात, कमरेला काड्यापेटीएवढी बिनतारी डबी, गिटारचा आवाज वायरशिवाय पाठवणारी. समोर मंचावर तिची भावजय कीबोर्डवर होती आणि ड्रमवर कवळी. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दिवसा तो दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायचा, म्हणून बँडमध्ये सगळे त्याला तेच म्हणत. संध्याकाळी एका कारखान्याच्या कामगारांचा मेळावा होता आणि त्याआधी एक गाणं वाजवून आवाज जुळवायचं काम चाललं होतं.

डबी अडकली असेल असं ताईला आधी वाटलं. तिने तळहात चारही तारांवर आडवा ठेवला. बेस वाजत होता. मग तिने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. बेस तरीही वाजत होता. ती जिथे जी तार छेडायची तिथे तीच, एकही चूक नाही.

बावीस वर्षं ती या बँडमध्ये बेस वाजवत होती, आणि एवढ्या वर्षांत समोर येऊन तिने स्वतःला एकदाही ऐकलं नव्हतं. बेस वाजवणाऱ्याचं असंच होतं. पाठीशी आपला अ‍ॅम्प असतो, पोटऱ्यांना त्या स्पीकरच्या खोक्याची थरथर लागते, तेवढ्यावर माणूस समजून चालतो की शेवटच्या खुर्चीपर्यंत आपण पोचलो. समोरून जो घुमारा परत यायचा तो आपलाच, असं ती धरून चालली होती. आज पहिल्यांदा बिनतारी डबी आणली म्हणून वायर न तुटता एवढ्या लांब येता आलं.

ती वळली आणि मागच्या टेबलापाशी गेली. तिथे साउंडवाला बसला होता, जाडजूड, चष्मेवाला, पाच महिन्यांपूर्वी बँडकडे लागलेला.

"माझं बटण यातलं कुठलं?"

"ताई, तुम्ही वर जा ना. मी बघतो."

"कुठलं ते विचारलं."

त्याने बोट ठेवलं. समोरच्या पाटीवर सरकत्या बटणांची ओळ होती आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. 'ताई' लिहिलेलं बटण पार तळाशी होतं. बाकीच्यांच्या वाटेत बोटं फिरून फिरून चकाकी आली होती. हिच्या वाटेत धूळ होती.

"हे खाली का?"

"मला दादांनी सांगितलंय." तो ताईच्या धाकट्या भावाला दादा म्हणायचा.

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून," तो म्हणाला, आणि मुळात न गुंतलेली एक वायर सोडवायला लागला.

राग तळपायातून वर चढतो म्हणतात. तिचा आधी डोक्यातच पेटला आणि मग हळूहळू बोटांपर्यंत उतरला. पाच महिन्यांत अकरा कार्यक्रम झाले होते. अकरा वेळा ती नटूनथटून मंचावर उभी राहिली, घाम गाळला, आणि समोरच्या लोकांपर्यंत त्यातला एक सूरही गेला नव्हता.

शिवाय ही गिटार. ताई बसच्या सीटची कव्हरं शिवायची. मशीनखालून जाड रेक्झिन ओढून ओढून तिच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती, आणि जुनी ओंडक्यासारखी गिटार दोन तास खांद्यावर धरली की मान वळेनाशी व्हायची. म्हणून तीन महिने दर सुट्टीला ती वाद्यांच्या दुकानात जाऊन बसायची. दुकानदार पाच तारांच्या चकचकीत गिटारी काढून पुढे ठेवायचा. हल्ली सगळे हीच घेतात, म्हणायचा. "माझं चार तारांचंच अजून वाजवून झालं नाही," ताई म्हणायची. प्रत्येक गिटारीची सगळ्यात जाड तार मोकळी छेडायची आणि आवाज विरेपर्यंत कान लाकडाला लावून बसायची. सहाव्या खेपेला दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, गिटार घेताय की घर?"

"घरात मी एवढी असते कुठे," ताई म्हणाली.

शेवटी तिने आखूड मानेची निवडली, हलक्या लाकडाची, बोटांना फार ताणावं लागणार नाही अशी. तारा तिथेच बदलून घेतल्या. गुळगुळीत, सपाट गुंडाळीच्या तारा, ज्या झणझणत नाहीत, गादीवर बुक्की मारावी तशा उमटतात. त्या दिवशी धाकटा भाऊ बरोबर होता. बँड त्याचाच, गाणाराही तोच. त्याने स्वतः गिटार वाजवून बघितली, मान डोलावली आणि म्हणाला, "हीच घे ताई. हॉलमध्ये काय घुमेल."

ही आठ दिवसांपूर्वीची गोष्ट.

धाकटा पाण्याच्या बाटल्या काखोटीला मारून दारातून आत आला. "ताई, तू खाली काय करतेस? चल वर, वेळ नाहीये."

"माझं बटण कोणी खाली केलं?"

त्याने साउंडवाल्याकडे बघितलं. साउंडवाला वायरमध्ये गर्क होता. मंचावरचं गाणंही थांबलं.

"कार्यक्रम झाल्यावर बोलू," धाकटा म्हणाला.

"आत्ता."

"बरं, ऐक. आपण लॅपटॉपवर बाकीची वाद्यं भरून घेतली ना, त्यात बेसही आहे. दोन बेस एकदम वाजले की नुसता चिखल होतो. एक बंद करावाच लागतो."

"मग माझा बंद केलास."

"तू मागे पडतेस, ताई."

"किती?"

"केसभर. पण मशीनबरोबर ते कळतं."

"बावीस वर्षं कळलं नाही."

"बावीस वर्षं मशीन नव्हतं."

भावजय मंचाच्या कडेला आली. "वन्सं, तुमची बोटं किती दुखतात. तुम्हाला ताण नको म्हणूनच यांनी..."

"बोटांचा कळवळा आला म्हणून गळा दाबलात?"

ताईने कवळीकडे मोर्चा वळवला. "तुला ठाऊक होतं?"

"ताई, माझ्या कानात सगळा वेळ लॅपटॉपची ती तालाची टिकटिक असते. मला दुसरं काही ऐकूच..."

"ठाऊक होतं का, एवढंच विचारलं."

"होतं," कवळी म्हणाला आणि ड्रमच्या काठ्यांकडे बघत बसला.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा कार्यक्रमांना एका गाडीतून गेले, एका डब्यातलं खाल्लं, आणि चौघांत तिघं मूग गिळून बसले होते. परत येताना धाकटा म्हणायचासुद्धा, ताई आज मस्त वाजलं हं.

"माझ्याबरोबर दुकानात आलास," ती त्याला म्हणाली. "हीच घे म्हणालास."

"गिटार चांगलीच आहे ती."

यावर ताई हसली, पण ते हसू कोणालाच बरं वाटलं नाही.

"तोंडावर सांगितलं असतंस, ताई, तुला आता जमत नाही, तर मी चार दिवस रडले असते. पाचव्या दिवशी सराव वाढवला असता नाहीतर घरी बसले असते. काय ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला खेळण्यातला फोन हातात दिलात. बडबडतेय ना, बडबडू दे."

"आता काय करू म्हणतेस? तासाभरात लोक येतील."

"तो लॅपटॉप बंद कर. मी वाजवते."

"कसं शक्य आहे? अर्धी वाद्यं त्यात आहेत."

"मग मी खाली बसते," ताई म्हणाली, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीत जाऊन बसली, गिटार मांडीवर घेऊन.

ती उठेल असं सगळ्यांना वाटत होतं. धाकट्याने दोनदा येऊन विनवलं, एकदा आवाज चढवला. ताई हूं की चूं करेना. लोक आले, खुर्च्या भरल्या, दिवे मंद झाले. मंचावर तिच्या जागी तिचा अ‍ॅम्प तेवढा राहिला, लाल दिवा लावून.

शेजारी एक बाई येऊन बसल्या. "तुम्ही वाजवणाऱ्यांतल्या ना?"

"नाही. ही मला नुसती धरायला दिलीय."

पहिलं गाणं सुरू झालं, दुसरं झालं. बेस ठणठणीत होता. लोक टाळ्यांनी ताल धरत होते, पुढची पोरं नाचायला उठली. एवढ्या माणसांत एकालाही प्रश्न पडला नाही की चौथी जागा रिकामी आहे तर हा आवाज येतोय कुठून. आपलं नसणं कोणाच्या तरी लक्षात येईल, अशी ताईची आशा होती. तीही फोल ठरली, आणि रागाला आणखी धार चढली.

चौथं गाणं संथ होतं. धाकट्याचं ठेवणीतलं. त्याला लहानपणापासून दम्याचा त्रास. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तो लांबवायचा आणि मग कोणाला कळू न देता श्वास भरून घ्यायचा. पहिली ओळ नीट गेली. दुसरीच्या शेवटी तो श्वासाला थांबला आणि बेस पुढे निघून गेला. त्याला गाठायला धाकट्याने तिसऱ्या ओळीचा पहिला शब्द गिळला. चौथीचा शेवट तोडला. कपाळावर घाम दिसायला लागला.

ताईचं पाऊल नकळत जमिनीवर ताल धरत होतं. प्रत्येक ओळीनंतर ते किंचित उशिरा पडत होतं. दोन ओळी तिने नीट लक्ष दिलं, आणि मग तिला सगळं स्वच्छ कळलं. ती मागे पडत होती हे खरंच होतं. धाकट्याने श्वास घेतल्याशिवाय तिचं बोट तारेवर उतरतच नव्हतं. हॉलपर्यंत जात नसला तरी तिच्या खोक्यातला तो बेस मंचावर त्याच्या कानी पडायचा, आणि त्याच्याच आधाराने तो आजवर निभावून न्यायचा. बावीस वर्षं ती हे करत होती आणि तिलाही त्याचा पत्ता नव्हता, कारण ते तिने कधी ठरवलंच नव्हतं.

तिला त्याची कीव आली नाही. भर कार्यक्रमात उठून ओरडावंसं वाटलं, गाढवा, मी तुझ्यासाठी थांबत होते. तिने जीभ चावून धरली.

मध्यंतरात धाकटा खाली आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"ताई, वर चल. संथ गाण्यांत मला दम पुरत नाहीये. पुढच्या भागात अजून एक आहे."

"मशीनला सांग की."

"तेवढं एक बिनमशीनचं घेऊ. ते तू वाजव."

"आणि बाकीच्यांत मी पुन्हा शोभेची बाहुली."

"ताई, हट्ट करू नकोस."

"वाजवीन तर सगळी गाणी, नाहीतर एकही नाही. आणि माझं बटण मी वर करणार."

"लॅपटॉप बंद केला तर गाणी ओकीबोकी वाटतील. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. पाच महिने मला नावं ठेवायलासुद्धा तुम्ही कोणाला जागा ठेवली नव्हतीत."

धाकट्याने मान वळवून कवळीला हाक मारली आणि लॅपटॉपशिवाय जमेल का ते विचारलं. कवळीने कानातली यंत्रं काढून गळ्यात टाकली. "मला चालेल. पण सुरुवात ताईंनी करायची. मला टिकटिकीची सवय झालीय, मी धावत सुटेन."

ताई टेबलापाशी गेली आणि स्वतःच्या नावाचं बटण तिने अंगठ्याने वर ढकललं.

"एवढं नको ताई, हॉल घरघरेल," साउंडवाला म्हणाला.

"घरघरू दे."

हॉल घरघरला. दुसऱ्या भागातलं पहिलं गाणं म्हणजे चौघांची चार तोंडं चार दिशांना होती. कवळी धावला, भावजय एक कडवं आधीच घुसली, आणि नाचणाऱ्या पोरांतली निम्मी जाऊन बसली. ताईची बोटं ठणकत होती. एका जागी ती खरंच चुकली, ढळढळीत चुकली, आणि ती चूक शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू गेली. तिने तोंड वाकडं केलं नाही. चूक तिची होती आणि लोकांना ऐकू आली होती. दुसऱ्या गाण्याला चौघं जरा एका वाटेला लागले. तिसऱ्याला कवळी तिच्या हाताकडे बघून वाजवायला लागला.

मग संथ गाणं आलं. ताईने ते मुद्दाम घड्याळासारखं वाजवलं. ओळ संपली की लगेच पुढची तार, धाकटा श्वास घेवो न घेवो. पहिल्या कडव्यात त्याचे दोन शब्द गेले. त्याने वळून बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाजच फाटला, आणि त्याने पुन्हा वळून बघितलं. या वेळी त्याच्या तोंडावर तक्रार नव्हती. त्याला समजलं होतं. इतकी वर्षं कोण थांबत होतं ते त्याला समजलं होतं, आणि त्याला समजलंय हे ताईलाही दिसलं.

तिसऱ्या कडव्याआधी तिने बोट तारेवरून उचललं आणि त्याने श्वास घेईपर्यंत खाली टेकवलं नाही. धाकट्याने पुरता श्वास घेतला. भावजयीने हात रोखला, कवळीनेही काठी हवेत धरली. मग ताईने जाड तार छेडली आणि चौघं एकदम पुढच्या ओळीत उतरले. कडवं संपेपर्यंत ती तशीच थांबत राहिली. त्या दोन मिनिटांतही तिने धाकट्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. धाकटा वायर गुंडाळत तिच्याजवळ आला.

"ताई, मी तुला आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

"तालमीला येशील ना?"

"लॅपटॉप येणार असेल तर मी येणार नाही. काय ते ठरव आणि मला कळव. मला, साउंडवाल्याला नाही."

तिने गिटार पेटीत घातली, खांद्याला लावली आणि अ‍ॅम्पची मूठ धरली. भावजय धावत आली, दुसऱ्या बाजूला हात घातला. "वन्सं, जड आहे, मी धरते."

"सोड."

भावजयीने सोडलं. ताई अ‍ॅम्प ओढत मंचाच्या उतारावरून खाली निघाली. वाटेत दोनदा थांबून तिने दम खाल्ला, आखडलेली बोटं उघडमीट केली. तिघंही तसेच उभे राहून बघत होते, आणि पुढे व्हायची कोणाची छाती झाली नाही.