पाठमोरा माणूस आणि आठ पेले

दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार ज्याला लाभला, त्याने त्या उत्तरात आपली इच्छा मिसळू नये. हा नियम सांगायला सोपा आहे. परंतु विचारणारे माणूस आपल्याच घरातले असेल आणि त्या उत्तरावर आपली उरलेली वर्षे अवलंबून असतील, तर भल्याभल्यांची जीभ चळते. थोरल्या बहिणीची चळली.

ती घराच्या पुढच्या खोलीत टॅरोचे पत्ते पाहून सल्ला देत असे. तिची एक शिस्त होती. पत्ता उघडला की विचारणाऱ्याने चित्रात काय दिसते ते प्रथम सांगायचे, मगच ती तोंड उघडणार. "तुमचे डोळे आधी, माझे नंतर," असे ती म्हणे. बावीस वर्षांत हा क्रम तिने कधी मोडला नव्हता.

तिच्याच घरात राहणारी धाकटी बहीण नाटकांचे पोशाख बेतणारी. दूरच्या शहरातील एका मोठ्या नाटक मंडळीने तिला कपडेपटाची प्रमुख म्हणून बोलावले होते. मंडळीचा माणूस शनिवारी दुपारी लेखी उत्तर न्यायला येणार होता. मंगळवारी, जावे की नाही हे विचारून, धाकटीने एक पत्ता ओढला. त्यात आठ पेले होते, वर झाकोळलेला चंद्र होता आणि काठी टेकत निघालेला एक पाठमोरा माणूस. तो सारे गमावून निघाला आहे की काही शोधायला, हे कळायला मार्ग नव्हता. चेहराच दिसत नव्हता.

धाकटी पत्त्यावर वाकते न वाकते तोच थोरली म्हणाली, "भरलं घर टाकून निघालाय बिचारा. पस्तावणार. तू जाऊ नकोस."

"बरं," एवढेच धाकटी म्हणाली.

त्या संध्याकाळी, रोजच्याप्रमाणे, तिने थोरलीच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घातले. "डोळा उघड गं ताई. औषध आहे, मिरचीपूड नाही!" थोरलीचे हात कापत, म्हणून हे काम धाकटीचे. ज्या हातांना आपण अडवले, तेच आपली दृष्टी राखत आहेत, हे थोरलीला त्या क्षणी उमगले आणि अन्न गोड लागेना. पुढचे तीन दिवस येणाऱ्यांना "तुमचे डोळे आधी" म्हणताना ती नजर चुकवी. शुक्रवारी तर तिने डोके दुखण्याचे निमित्त सांगून दोघांना परत पाठवले.

शनिवारी सकाळी धाकटी नकाराचे पत्र लिहीत होती. थोरलीने तो पत्ता नेऊन कागदावरच ठेवला.

"अगं, शाई ओली आहे!"

"असू दे. मंगळवारी मी तुला बोलू दिलं नाही. मुद्दाम. हा माणूस रडतोय की हसतोय, मला काय ठाऊक? माझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार, एवढंच मला दिसलं. चुकले मी. आता तू सांग."

"म्हणून तीन दिवस तोंड पाडून फिरत होतीस होय? मला वाटलं, दाढ दुखतेय." धाकटीने चष्मा लावला आणि नवे कापड पारखावे तसा पत्ता उजेडात धरला. मग तिने एकेक पेला मोजला.

"पेले बघ, ताई. खाली पाच, वर तीन. एकही कलंडलेला नाही. टाकून जाणारा माणूस असं रचून ठेवत नाही. एक नाटक संपवून दुसरीकडे जाताना मी कपडेपट असाच लावून जाते, मागे राहणाऱ्याला सगळं हाताशी सापडावं म्हणून."

"मग?"

"मग काय! जाण्याआधी मलाही रचायचंय. आजपासून थेंब तू घालायचेस. पलंगावर आडवं होऊन."

"माझा हात कापतो गं."

"कापू दे. दोन गालावर, एक डोळ्यात. चालेल."

थोरलीने खाली मान घातली. "राग नाही आला?"

"आलाय ना. जाईपर्यंत पुरेल एवढा आहे."

धाकटीने नकाराचे पत्र फाडले आणि होकाराचे लिहायला घेतले. थोरली पलंगावर आडवी झाली. पहिला थेंब कानात गेला, दुसरा भुवईवर.

त्या कापऱ्या हाताला नेम लाभो. निघालेलीची वाट सुखाची होवो. आणि ज्यांना कबुली द्यायला तीन दिवस लागतात, त्यांनाही वेळ सरण्यापूर्वी ती देता येवो.