उलट्या बाजूचा तास

प्राचार्यांनी तक्रारीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला. राज्यशास्त्राच्या बाईंनी तो वाचता वाचता सवयीने लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'पुरावा द्या.' इतकी वर्षं वह्या तपासून हाताला जे वळण लागतं, त्याला बाई तरी काय करणार!

"अहो मॅडम, तक्रार आहे ती, उत्तरपत्रिका नव्हे!" प्राचार्य खेकसले.

"गृहपाठ आहे, सर," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

भानगड अशी होती. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई वर्गात वाद घालायला लावत. जे आपलं मत असेल त्याच्या उलट बोलायचं. वर्गात पाऊल टाकलं की बोलायचंच, पाहुण्यालाही सूट नाही. आणि 'तुम्हाला खरंच असं वाटतं का?' हे कुणी कुणाला विचारायचं नाही. गेल्या आठवड्याचा गृहपाठ होता, 'हा तास बंद का करावा?' ज्यांना तास आवडतो त्यांनीच लिहायचं, तेही नाव न घालता. त्यातला एक कागद हजेरीपटात अडकून थेट प्राचार्यांच्या टेबलावर जाऊन बसला.

अक्षर बाईंनी ओळखलं. वर्गात जिला सगळे 'वकिलीणबाई' म्हणत, ती मुलगी. या तासावर तिचा जीव, आणि लिहिलं असं होतं की बाईंनाही क्षणभर तास बंद करावासा वाटला.

"मनात असल्याशिवाय इतकं झोंबणारं लिहिता येत नाही," प्राचार्य म्हणाले. "कुणी लिहिलं सांगा. बोलावून विचारतो."

"नाव नाही सांगणार, सर. मग वर्गात कुणी तोंडच उघडणार नाही."

"तर सोमवारपासून तास बंद. आदेश तयार आहे, फक्त सही राहिलीय."

बारा वर्षं त्यांनी हा तास पोटच्या पोरासारखा वाढवला होता. "सही करण्याआधी एकदा येऊन बसा," त्या कशाबशा म्हणाल्या. "आज शुक्रवारच आहे."

प्राचार्य आले आणि हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसले. वकिलीणबाई लगेच उठली. "सर, तुमचं मत काय? तास असावा की नसावा?"

"नसावा."

"मग तुम्ही 'असावा'च्या बाजूने बोला. मी 'नसावा'च्या."

वर्गात खसखस पिकली. प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. शेवटी प्राचार्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या पाठीवर मुद्दे खरडायला सुरुवात केली.

मुलगी बोलू लागली. वाक्यन् वाक्य त्या तक्रारीतलं! प्राचार्यांनी चमकून मान वर केली. आता हिचं काही खरं नाही, असं बाईंना वाटलं. प्राचार्य मात्र सावरून बसले. असा तिखट प्रतिस्पर्धी त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

"आणि वर्गात कुणी चुकीचं बोललं तर, सर?" तिने शेवटचा बाण सोडला.

"बोलू दे की!" प्राचार्य उभेच राहिले. "बाहेर तोंडघशी पडण्यापेक्षा इथे चुकलेलं काय वाईट? मी कॉलेजात असताना एक प्रश्न विचारला होता. सरांनी 'खाली बस' म्हटलं. चाळीस वर्षं झाली, पोरी, तो प्रश्न अजून घशात अडकलाय!"

तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी हललं नाही.

"सर, तुम्हाला हे खरंच..." वकिलीणबाईच्या तोंडून निघून गेलं.

"ए, नियम!" सगळा वर्ग तिच्यावर ओरडला.

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "तो प्रश्न इथे विचारत नाहीत म्हणे," असं म्हणून ते भराभर निघून गेले. कागद बाकावरच राहिला.

बाईंनी तो उचलला. एका बाजूला आदेश, सहीची जागा कोरी. पाठीमागे बारीक अक्षरात सात मुद्दे. बाईंचे डोळे भरून आले, पण हाताने आपलं काम सोडलं नाही. लाल पेनने त्यांनी लिहिलं, 'मांडणी उत्तम. दहापैकी नऊ.' आणि कागद हजेरीपटात घालून ऑफिसात पाठवला. या वेळी मुद्दाम.

सोमवारी हजेरीपट परत आला. आदेशावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारलेली होती. पाठीमागे, नऊ गुणांच्या खाली, प्राचार्यांचं अक्षर होतं:

'एक गुण का कापला? शुक्रवारी येतोय.'